डहाणू : एका राखीव मतदारसंघाचा इतिहास

१/१८
मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला महाराष्ट्राच्या २८८ जागांच्या विधानसभेत २००९, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत प्रत्येकी एकच जागा मिळाली. तिन्ही वेळा ती जागा डहाणूची होती. याच डहाणूचे मतदार लोकसभेसाठी मत देतात, तेव्हा मात्र या पक्षाचा उमेदवार १९७७ नंतर एकदाही विजयी झालेला नाही. मतदार तेच, गावे तीच, निकाल मात्र वेगळे. या कोड्याचे उत्तर शोधायचे तर पाऊण शतकाहून अधिक मागे जावे लागते.

२/१८
आधी भूगोल. पश्चिमेला समुद्र, मासेमारीची गावे आणि डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या. मधोमध मुंबईहून गुजरातकडे जाणारा रेल्वेमार्ग. त्याच्या पूर्वेला आशागडसारखी गावे, आणि पुढे सह्याद्रीच्या दिशेने चढत जाणारा डोंगराळ आदिवासी मुलूख. उत्तरेला तलासरी आणि गुजरातची सीमा. वारली हा इथला सर्वांत मोठा आदिवासी समाज. किनाऱ्यावरील शहर व बाजारपेठ आणि पूर्वेकडील पाडे यांतील अंतर काही मैलांचेच आहे. राजकारणात ते अंतर फार मोठे ठरले.

३/१८
१९३५ च्या कायद्याने प्रांतांना निवडून आलेली सरकारे दिली. परंतु १९३६ च्या एका आदेशाने ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरवण्यात आले. प्रांतिक कायदेमंडळाचा कायदा तेथे आपोआप लागू होत नसे, त्यासाठी गव्हर्नरची अधिसूचना लागे. मताधिकारही मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटींवर बेतलेला होता. जमीन गमावलेल्या निरक्षर वारल्याला त्या मतदारयादीत जागा मिळणे जवळजवळ अशक्य होते.

४/१८
या क्षेत्रांची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्यांच्या अहवालाने सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या कचाट्यात सापडलेल्या आदिवासींचे चित्र सरकारदरबारी नोंदवले. त्यात ‘लग्नगडी’ ही पद्धतही होती. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवराबायकोने वर्षानुवर्षे सावकाराकडे राबायचे, असा तिचा अर्थ. अहवाल आला, तरी वेठ थांबली नाही.

५/१८
ती थांबवण्याची सुरुवात १९४५ मध्ये झाली. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. काही वारली तेथे गेले होते. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी वारल्यांची स्वतःची परिषद झाली. शामराव व गोदावरी परुळेकर तिचे मार्गदर्शक होते. ठराव साधे होते : फुकट राबायचे नाही, वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचे नाही.

६/१८
पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या दरासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे मृत्युमुखी पडले. परुळेकर दांपत्यावर जिल्ह्यातून हद्दपारीचे हुकूम निघाले. लढा मात्र १९४७ पर्यंत चालू राहिला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच अनुभवावर उभे आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

७/१८
निवडणुकीच्या इतिहासात या लढ्याचे महत्त्व त्याच्या क्रमात आहे. भारतातील बहुसंख्य ग्रामीण भागांत आधी मताधिकार आला आणि मग पक्ष गावात पोचले. येथे संघटना १९४५ ला उभी राहिली आणि मतपत्रिका १९५२ ला आली. पाड्यापाड्यावर कोण कोणाच्या शब्दावर एकत्र येते, कोणता झेंडा कोणाचा, हे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वीच ठरून गेले होते.

८/१८
पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढेच काम. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ही सोय होती. ठाणे तेव्हा लोकसभेचा द्विसदस्यीय मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जमातींसाठी राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. १९५२ मध्ये दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या.

९/१८
१९५७ मध्ये चित्र पालटले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पाळेमुळे हलवली होती, आणि कम्युनिस्ट पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होता. ठाण्याच्या दोन्ही जागा कम्युनिस्टांकडे आल्या. सर्वसाधारण जागेवर शामराव परुळेकर आणि राखीव जागेवर लक्ष्मण महादू मातेरा लोकसभेत गेले. ज्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले होते, तेच बारा वर्षांनी त्या जिल्ह्याचे खासदार झाले.

१०/१८
त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम येथे दुसरीच गोष्ट घडली. तेथील द्विसदस्यीय मतदारसंघात दोन्ही जागांवर अनुसूचित जमातींचे उमेदवार निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व निकाल गिरींच्या विरोधात लागला. १९६१ मध्ये संसदेने द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द केले. यापुढे राखीव मतदारसंघ म्हणजे एकच जागा, आणि ती पूर्णपणे राखीव.

११/१८
या बदलाचा परिणाम डहाणूच्या डाव्या चळवळीवर खोलवर झाला. परुळेकरांसारख्या बाहेरून आलेल्या, आदिवासी नसलेल्या नेत्याला आता येथून उभे राहणे शक्य नव्हते. शामराव १९६५ मध्ये तुरुंगात असतानाच वारले. पक्षाला उमेदवार आदिवासींमधूनच घडवावे लागले. चळवळीचे नेतृत्व ज्यांची चळवळ होती त्यांच्या हाती जाण्यास कायद्यानेही असा हातभार लावला.

१२/१८
दरम्यान १ मे १९६० रोजी राज्याची सीमा आखली गेली. उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला. झरी महाराष्ट्रात राहिले, आज ते तलासरी तालुक्यात आहे. एकाच लढ्यात उतरलेली गावे दोन राज्यांच्या मतदारयाद्यांत विभागली गेली. डहाणूच्या निवडणुकांवर सीमारेषेने केलेला हा पहिला मोठा घाव होता. शेवटचा नव्हे.

१३/१८
१९६७ मध्ये डहाणू हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असा लोकसभा मतदारसंघ प्रथमच निवडणुकीला सामोरा गेला. विजयी झाले काँग्रेसचे यशवंतराव मुकणे, म्हणजे जव्हार संस्थानचे शेवटचे राजे. मुकणे घराणे महादेव कोळी, त्यामुळे राखीव जागेवर त्यांचा हक्क निर्विवाद होता. आरक्षण उमेदवाराची जमात ठरवते. त्या जमातीतील राजा निवडायचा की मजूर, हे ठरवणे मतदारांवर आणि पक्षांवर सोडलेले असते.

१४/१८
उत्तर बदलायला दहा वर्षे लागली. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत मार्क्सवादी पक्षाचे लहानू कोम डहाणूतून लोकसभेवर गेले. त्या वर्षी महाराष्ट्रातून या पक्षाचे तिघे खासदार झाले, कोम हे त्यांपैकी एक. पण १९८० मध्ये काँग्रेसचे दामोदर शिंगडा आले आणि १९८४, १९८९, १९९१ असे सलग जिंकत राहिले. १९९६ मध्ये भाजपचे चिंतामण वनगा विजयी झाले. त्यानंतर २००४ पर्यंत ही जागा काँग्रेस आणि भाजप यांच्यात आलटून पालटून फिरली. वनगा तलासरी परिसरातलेच. वनवासी कल्याणाच्या कामातून आणि वसतिगृहांतून तेथे दुसरी संघटना उभी राहिली होती. लाल झेंड्याच्या मुलखातच त्याला प्रतिस्पर्धी तयार झाला, आणि तोही पाड्यांवरील कामातूनच.

१५/१८
२००८ ची पुनर्रचना हा दुसरा मोठा टप्पा. डहाणू लोकसभा मतदारसंघ संपला आणि पालघर अस्तित्वात आला. त्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ : डहाणू, विक्रमगड, पालघर व बोईसर हे चार राखीव, तर नालासोपारा आणि वसई हे दोन सर्वसाधारण. एकट्या नालासोपाऱ्यातील मतदार आज डहाणूच्या सुमारे दुप्पट आहेत. जागा आदिवासींसाठी राखीव, परंतु निकालाचा मोठा वाटा मुंबईच्या उपनगरी पट्ट्याच्या हाती. २००९ च्या पहिल्याच निवडणुकीत वसई-विरारमध्ये बळ असलेल्या बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव निवडून आले.

१६/१८
२०१४ मध्ये वनगा खासदार झाले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. मे महिन्यातील पोटनिवडणुकीत काँग्रेसमधून आलेले राजेंद्र गावित भाजपचे उमेदवार होते आणि वनगांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेचे. गावित सुमारे साडेएकोणतीस हजार मतांनी जिंकले. मार्क्सवादी उमेदवार बराच मागे राहिला. २०१९ मध्ये तेच गावित शिवसेनेच्या चिन्हावर पुन्हा जिंकले, आणि २०२४ मध्ये भाजपचे हेमंत सवरा १ लाख ८३ हजारांहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आले.

१७/१८
आता विधानसभा. या मतदारसंघात तलासरी तालुका आणि डहाणू तालुक्याचा काही भाग येतो, म्हणजे जुन्या संघटनेचा गाभा. २००९ मध्ये राजाराम ओझरे जिंकले. २०१४ मध्ये सर्व मोठे पक्ष स्वतंत्र लढले आणि भाजपचे पास्कल धनारे सुमारे ४५ हजार मतांवर विजयी झाले. २०१९ मध्ये त्यांना ६७ हजारांहून अधिक मते मिळाली, तरी ते हरले. काँग्रेस व राष्ट्रवादीच्या पाठिंब्याने उभे असलेले विनोद निकोले ४,७०७ मतांनी पुढे गेले. एकेकाळी वडापाव विकणारा हा कार्यकर्ता. त्याची जाहीर मालमत्ता लाखाच्या आत होती. २०२४ मध्ये निकोले यांनी भाजपचे विनोद मेढा यांच्यावर ५,१३३ मतांनी मात केली. मते वाढली तरी पराभव आणि कमी मतांत विजय, हे दोन्ही येथे शक्य आहे. एकटी संघटना येथे पुरत नाही आणि तिच्यावाचून मित्रपक्षांचा पाठिंबाही फळत नाही. फरक पाच हजारांच्या आसपास असल्याने ‘बालेकिल्ला’ हा शब्दही जपूनच वापरावा लागतो.

१८/१८
सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर असे : मतदार दोन वेळा वेगळा विचार करतो असे नाही, त्याच्याभोवतीचे कुंपण दोन वेळा वेगळे असते. लहान कुंपणात झरीचा वारसा निर्णायक ठरू शकतो, मोठ्यात तो वसई-नालासोपाऱ्याच्या गर्दीत विरतो. राज्यघटनेनुसार पुढील पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर आधारलेली असेल. वाढवण बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे आणि शहरीकरण उत्तरेकडे सरकते आहे. नव्या नकाशात आशागड, तलासरी आणि पूर्वेकडचे पाडे कोणाच्या शेजारी बसवले जातील, यावर त्यांच्या मताचे वजन ठरेल. निवडणुकीचा इतिहास वाचताना आपण विजेत्यांची नावे पाठ करतो. त्यांच्या शेजारी त्या त्या वर्षीचा नकाशाही मांडून ठेवावा. १९३६ मध्ये या मुलखाला एका आदेशाने मतदानाच्या राजकारणाबाहेर ठेवले होते. मत मिळाल्यानंतरही त्या मताची किंमत रेषाच ठरवत आल्या आहेत.