अणूचं ते ‘छोट्या सूर्यमालेचं’ चित्र चुकीचं का आहे?

मधोमध एक गोळा आणि त्याच्याभोवती लंबवर्तुळात फिरणारे तीन-चार ठिपके. अणू म्हटलं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. शाळेच्या वहीत आपण ते काढलेलं असतं, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बोधचिन्हात ते आहे, आणि ‘अणू म्हणजे छोटी सूर्यमालाच’ असं सांगणारं रील अधूनमधून कुणीतरी पाठवतंच. गंमत म्हणजे, असा अणू क्षणभरही टिकणार नाही हे भौतिकशास्त्रज्ञांना अगदी सुरुवातीलाच माहीत होतं. मग हे चित्र आलं कुठून, आणि खरा अणू असतो तरी कसा?

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सगळ्यांत लहान कण आणि अणू एकमेकांना जोडले गेले की रेणू. हिंदीत मात्र पहिल्याला परमाणु आणि दुसऱ्याला अणु म्हणतात. त्यामुळे हिंदी व्हिडिओत पाण्याच्या ‘अणु’बद्दल ऐकलं, तर तो आपला रेणू समजायचा.

दुसरा घोळ फॉरवर्डमधला. ‘अणूचा शोध कणादांनी लावला, पाश्चात्त्यांनी तो चोरला.’ कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणूचा विचार आहे हे खरं. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि त्र्यणुक म्हणजे कवडशात तरंगताना दिसणारा धूलिकण, अशी सुंदर मांडणी त्या परंपरेत आहे. ग्रीसमध्ये डेमोक्रिटसनंही अविभाज्य कणांची कल्पना केली होती. पण दोन्हीकडे हे तत्त्वज्ञान होतं. तपासून पाहायची सोय कुणाकडेच नव्हती.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा शिक्षक जॉन डाल्टन अणूपर्यंत पोहोचला तो तराजूच्या वाटेनं. १२ ग्रॅम कार्बनशी १६ ग्रॅम ऑक्सिजनचा संयोग झाला तर एक वायू मिळतो, ३२ ग्रॅमशी झाला तर दुसरा. २० किंवा २७ ग्रॅमवाला वायू मिळत नाही. प्रमाण बरोबर दुप्पट का? कारण एका कार्बनला एक ऑक्सिजन चिकटतो किंवा दोन. दीड चिकटू शकत नाही. १८०८ साली डाल्टनचं पुस्तक आलं आणि रसायनशास्त्राला हिशेबाची भाषा मिळाली. त्याचा अणू मात्र भरीव आणि न फुटणारा होता.

अख्खं १९वं शतक हा हिशेब चालला, तरी अणू ही फक्त सोयीची कल्पना आहे असं अर्न्स्ट माखसारखे मोठे शास्त्रज्ञ म्हणत राहिले. १९०५ साली आइन्स्टाइननं पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीचं गणित मांडलं, १९०८ पासून फ्रान्समध्ये झाँ पेरँनं ते मोजून दाखवलं, तेव्हा कुठे विरोध मावळला. म्हणजे गंमत बघा, अणूच्या आत आणखी लहान कण असतो हे १८९७ मध्येच कळलं होतं. अणू नक्की आहे हे सगळ्यांना पटलं त्यानंतर!

तो लहान कण म्हणजे इलेक्ट्रॉन. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी दाखवलं की तो हायड्रोजनच्या अणूपेक्षा साधारण १८०० पट हलका आणि ऋणभारित आहे. अणू एकंदर उदासीन असतो, म्हणजे आत तेवढाच धनभारही हवा. थॉमसन यांचा अंदाज असा, की कलिंगडाच्या गरासारखा धनभार सगळीकडे पसरलाय आणि त्यात बियांसारखे इलेक्ट्रॉन बसलेत.

१९०९ साली मँचेस्टरमध्ये हे कलिंगड कापलं गेलं. अर्नेस्ट रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि २० वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन धातूच्या अतिपातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडत होते. अल्फा कण धनभारित आणि इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३०० पट जड. तो झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी चमक उठते. अंधाऱ्या खोलीत बसायचं, डोळे सरावले की सूक्ष्मदर्शकातून चमका मोजायच्या. यंत्र नाही, कॅमेरा नाही, नुसते डोळे. (याच गायगरचं नाव पुढे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राला मिळालं. हे मोजकाम किती कंटाळवाणं होतं ते त्याला चांगलंच माहीत होतं!)

रदरफोर्डनं सहज सुचवलं, एखादा कण मागे फिरतो का तेही बघा. कलिंगडातून बंदुकीची गोळी आरपार जायला हवी. मागे फिरायचं कारणच नाही. पण फिरत होते. सुमारे ८००० मध्ये एक.

बहुतेक कण सरळ गेले, म्हणजे अणूचा बराचसा भाग त्यांना अडवत नाही. एखादाच उलटा फिरला, म्हणजे धनभार आणि जवळपास सगळं वस्तुमान एका इवल्याशा जागी एकवटलंय. १९११ मध्ये रदरफोर्डनं हे मांडलं. हेच केंद्रक. सोन्याचा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा मानला, तर त्याचं केंद्रक वाटाण्याएवढं भरेल.

केंद्रकातला धनभार म्हणजेच मूलद्रव्याची ओळख, हे दोनच वर्षांनी हेन्री मोझली या तरुणानं क्ष-किरणांनी सिद्ध केलं. आवर्तसारणीतला अणुअंक हा तेव्हापासून नुसता रांगेतला क्रमांक उरला नाही. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वयाच्या २७व्या वर्षी. केंद्रकातला न्यूट्रॉन १९३२ मध्ये जेम्स चॅडविकनं शोधला.

आता इलेक्ट्रॉनचं काय? ग्रहांसारखे फिरतात म्हणावं, तर अडचण येते. गोल फिरणारा भारित कण प्रकाश बाहेर टाकतो आणि ऊर्जा गमावतो. असा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही आत केंद्रकात कोसळेल. मग ना दगड उरेल, ना आपण. १९१३ साली नील्स बोर यांनी यावर चक्क नियमच घातला: ठरावीक कक्षांमध्ये फिरताना इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत नाही. का, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पण हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रंगरेषांचं गणित त्यातून तंतोतंत जुळलं. आपल्या वहीतलं चित्र ते हेच. मात्र दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपाशीच ते अडखळलं.

१९२५ ते १९२७ या काळात हायझेनबर्ग, श्रोडिंगर वगैरेंनी उत्तर शोधलं, ते कक्षाच काढून टाकून. इलेक्ट्रॉनला ठरलेली वाट नसते. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. ही शक्यता केंद्रकाभोवती ढगासारखी पसरलेली असते. आणि इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडावं, तितकी त्याच्या हालचालीची ऊर्जा वाढते. केंद्रकाची ओढ आणि कोंडण्याला होणारा हा विरोध यांचा जिथे मेळ बसतो, तेवढा अणूचा आकार. म्हणून तो कोसळत नाही.

इथेच आणखी एका व्हायरल दाव्याचा निकाल लागतो: ‘अणू ९९.९९ टक्के रिकामा आहे. जगातल्या सगळ्या माणसांमधली पोकळी काढली तर साखरेच्या खड्यात मावतील.’ केंद्रकांच्या घनतेचा हिशेब केला तर गणित बरोबर येतं. पण ती जागा रिकाम्या खोलीसारखी पोकळ नाही, इलेक्ट्रॉनचा ढग तिथे पसरलेला आहे. खुर्चीत बसल्यावर तुम्ही आरपार जात नाही, कारण तुमच्या अणूंचे ढग आणि खुर्चीचे ढग एकमेकांत घुसू शकत नाहीत. दोन इलेक्ट्रॉन एकाच स्थितीत राहू शकत नाहीत, हा वोल्फगांग पाउली यांचा १९२५ चा नियम त्यांना आडवा येतो, शिवाय समान भारांचं प्रतिकर्षण आहेच.

मग अणूचे फोटो दिसतात ते कशाचे? १९८१ साली झुरिकमध्ये बिनिग आणि रोरर यांनी एक सूक्ष्मदर्शक बनवला. त्याची अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाला न टेकता वरून फिरते आणि वाहणाऱ्या अत्यल्प विजेवरून उंचसखलपणा टिपते. १९८९ मध्ये अशाच सुईनं झेनॉनचे ३५ अणू सरकवून आयबीएम कंपनीचं नाव लिहिलं गेलं. ते चित्र शोधून बघा: कक्षा नाहीत, फिरणारे ठिपके नाहीत, नुसते गोल उंचवटे. सुईला लागतो तो अणूचा ढगच.