दोन गाद्या आणि तिसऱ्याचे राज्य

राजा कोण, हा प्रश्न मोठ्या माणसांचा, आम्हा कष्टकऱ्यांना त्याचं काय, असे काहीजण म्हणतात. पण आमच्या मुलुखाचा इतिहास वाचला की कळते, या प्रश्नाची किंमत रयतच मोजते.

औरंगजेब 3 मार्च 1707 रोजी मेला. मोगलांच्या कैदेत वाढलेले शाहू महाराज त्याच साली सुटून आले. हे शाहू म्हणजे शिवरायांचे नातू, संभाजीराजांचे पुत्र. आपण ज्यांना मानतो ते राजर्षी शाहू महाराज वेगळे. ते 1894 साली कोल्हापूरच्या गादीवर आले. इकडे महाराणी ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली होती. आपल्या मुलाचा हक्क त्या का सोडतील? खेडची लढाई झाली, आणि 1708 च्या जानेवारीत शाहूंचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापुरास दुसरी गादी मांडली. पुढे 1714 साली त्यांनाच कैदेत टाकून सवतीचा मुलगा दुसरा संभाजी त्या गादीवर बसला. एका राज्याला दोन छत्रपती!

हे भांडण पाहून निजाम खूष झाला. दख्खनच्या सहा सुभ्यांत महसुलाचा चौथा हिस्सा चौथाई आणि शेकडा 10 सरदेशमुखी, असा हक्क 1719 साली दिल्लीने शाहूंना दिला होता. निजाम म्हणाला, खरा छत्रपती कोण ते आधी ठरू द्या, मग पैसे देतो. कोल्हापूरच्या संभाजींना त्याने आपल्या बाजूला घेतले. अखेर 1728 साली बाजीराव पेशव्याने त्याला पालखेडला कोंडले, तेव्हा गोदाकाठी मुंगी-शेवगावच्या तहात त्याने शाहूंचा हक्क मान्य केला. पण चौथाई मिळो की अडो, शेतसारा भरणारा कुणबी आणि राबणारा बलुतेदार तोच होता. खरा छत्रपती कोण, हे त्याला कुणी विचारले नाही.

पुढे 1731 साली वारणेचा तह झाला आणि नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला मिळाला. दोन्ही गाद्या राहिल्या. पण 1749 साली शाहू वारले, आणि पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने साताऱ्याचा कारभार पेशव्याच्या हाती गेला. छत्रपती नावाला उरले. आमचा धाराशिवचा मुलूख तर 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. बौद्ध जपानात 1336 साली सम्राट गो-दाइगो क्योतो सोडून दक्षिणेला योशिनोच्या डोंगरात गेला. अशिकागा ताकाउजी या सेनापतीने क्योतोत दुसरा सम्राट बसवला होता. उत्तर दरबार आणि दक्षिण दरबार, 1392 पर्यंत दोन्ही चालले. सत्ता मात्र सेनापतीच्या घराण्याकडे गेली. गो-दाइगो 1339 साली वारला, तेव्हा त्याच ताकाउजीने त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी तेन्र्यू-जी हे बौद्ध मंदिर उभारायला घेतले. ज्याला राज्यावरून घालवले, त्याच्याच नावाने मंदिर!

तेव्हा बंधू-भगिनींनो, दोघे भांडत असले की खरा कोण, एवढेच विचारून थांबू नका. हे भांडण कुणाला हवे आहे आणि त्याचा खर्च कुणाच्या ताटातून जातो, तेही विचारा.