कॅशबॅक क्रेडिट कार्ड कसे निवडावे?

कॅशबॅक कार्ड खर्चाच्या काही टक्के रक्कम परत देते. पण कार्ड निवडताना जाहिरातीतला टक्का नव्हे, आपला खर्च पाहावा.

कांदा आणि जनावरांच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या घोडेगावातील (ता. नेवासा, जि. अहिल्यानगर) एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. समजा, कार्डावर ऑनलाइन खरेदीला ५ टक्के, दुकानात १ टक्का कॅशबॅक आहे आणि वार्षिक शुल्क ९९९ रुपये. दरमहा ८,००० रुपये गावातल्या दुकानांतच खर्च झाले, तर वर्षाला ९६० रुपये परत मिळतात. १८ टक्के जीएसटीसह शुल्क मात्र सुमारे १,१७९ रुपये. म्हणजे तोटाच!

कार्ड घेण्यापूर्वी हे तपासा:

• किती खर्चावर वार्षिक शुल्क माफ होते?
• महिन्याला जास्तीत जास्त किती कॅशबॅक मिळतो?
• पेट्रोल, घरभाडे, वॉलेट यांवर कॅशबॅक आहे का? अनेक कार्डांवर नसतो.
• कार्ड रुपे आहे का? २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येते. मात्र ते दुकानदाराच्या क्यूआरवर चालते, बैल विकणाऱ्या शेतकऱ्याच्या वैयक्तिक क्यूआरवर नाही.

पिकाचे पैसे हंगामात येतात, कार्डाचे बिल दर महिन्याला. ८,००० रुपये थकले आणि व्याज महिना ३.५ टक्के असेल, तर एका महिन्यात २८० रुपये जातात. म्हणजेच साडेतीन महिन्यांचा कॅशबॅक. पूर्ण बिल वेळेवर भरता येणार असेल, तरच कार्ड घ्यावे.