सर्वांच्या हातची काच

दिवाळी चार दिवसांवर आली की घरोघर झाडलोट सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून माणसेही लख्ख होतात. म्हणून यंदा वाचकांपुढे स्वच्छतेचीच एक कथा ठेवावी म्हणतो. तिचे निमित्त घडले एका इस्पितळात. पण तिचा धागा मला पावणेदोनशे वर्षे मागे, थेट व्हिएन्नाला घेऊन गेला.

गेल्या श्रावणात माझ्या पुतणीला मुलगी झाली. बाळबाळंतिणीला पाहावे म्हणून मी गेलो. खोलीत सहा खाटा होत्या. सिस्टर एकेका खाटेपाशी येई, खाटेच्या दांड्याला अडकवलेल्या बाटलीतले औषध हातावर घेऊन हात चोळी, ताप पाही, रक्तदाब पाही, आणि मग काखेतला टॅब काढून त्याच्या काचेवर बोटाने आकडे टिपून घेई. कधी तो टॅब पांघरुणावर ठेवी, कधी सहीसाठी नातेवाइकाच्या हाती देई. मग पुढची खाट. हात पुन्हा चोळले जात. टॅब मात्र होता तसाच पुढे जाई.

माझ्याने राहवेना. म्हटले, “सिस्टर, तुम्ही हात दर खेपेला चोळता, पण ही पाटी कोण पुसतं?”

ती क्षणभर थबकली. मग हसून म्हणाली, “काका, लादी मावशी पुसतात, ट्रे आम्ही पुसतो. टॅब कॉम्प्युटरवाल्यांचा. ते म्हणतात, ओलं फडकं लावू नका, बिघडेल.”

एवढेच बोलणे झाले. पण घरी येईपर्यंत माझ्या मनात सेमेलवाइस घोळत राहिला.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीतला तरुण डॉक्टर १८४६ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात सूतिकागृहाच्या पहिल्या विभागात कामाला लागला. तेथे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभरातल्या ११ हून अधिक बायका दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाही. हे साऱ्या गावाला ठाऊक होते. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून बायका गुडघे टेकून विनवण्या करीत. हवा तीच, अन्न तेच; मग एका भिंतीपलीकडे मरण एवढे स्वस्त का?

मार्च १८४७ मध्ये उत्तर मिळाले, पण एका मित्राच्या प्राणाचे मोल देऊन. कोलेच्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदन करीत असता विद्यार्थ्याच्या हातची सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि ते दगावले. त्यांच्या देहात ज्या खुणा सापडल्या, त्याच बाळंतज्वराने गेलेल्या बायकांच्या देहात सापडत. सेमेलवाइसने ओळखले, की विद्यार्थी सकाळी मुडदे फाडतात आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासतात. साबणाने धुतले तरी त्या हातांचा वास जात नसे. मे महिन्यात त्याने दाराशी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याचे पात्र ठेवविले आणि हुकूम काढला, की हात बुचकळल्यावाचून कोणी आत यायचे नाही. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा १८ होते, ते जूनमध्ये २ वर आले.

बहुतेक पुस्तके ही कथा येथे संपवितात. मला मात्र तिचा पुढचा, कमी सांगितला जाणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित अशी एक बाई त्या विभागात आली. जेथून डॉक्टरांची फेरी सुरू होई, नेमकी ती खाट तिला मिळाली. तिला तपासल्यावर डॉक्टरांनी हात केवळ साबणाने धुतले आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. त्या वेळी तेथे प्रसूत होत असलेल्या १२ बायकांपैकी ११ दगावल्या! म्हणजे विष मुडद्यांपुरतेच नव्हते; ते खाटेवरून खाटेवरही जात होते. तेव्हापासून दाराशी एकदा हात धुणे पुरेनासे झाले. दर रोग्यानंतर धुणे आले. पुढे हत्यारेही धुतली जाऊ लागली. १८४८ साली दोन्ही विभागांतले मृत्यू जवळपास सारखे, शेकडा सव्वाच्या आसपास उतरले.

तरीही बड्या डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. सुशिक्षित, प्रतिष्ठित माणसाचा हात मृत्यू वाहून नेतो, हे त्यांना सोसले नाही. सेमेलवाइसही तापट, ग्रंथ लिहावयास त्याने १८६१ साल उजाडू दिले. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, तो वारला.

त्या डॉक्टरांना आपण हसू नये. आमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीचे सोवळे कडक असे. बाहेरून आलेल्याने पाय धुवावे, शेगडीवर हात शेकावे, मगच मूल घ्यावे, ही माझ्या आजीची शिस्त चांगलीच होती. पण ज्या सुइणीने त्या घरातली सारी मुले जगात आणली, तिच्या शिवण्याचा मात्र विटाळ मानीत. तिची जात विचारीत. येण्याआधी तिचे हात कुठे होते, हे कोणी विचारीत नसे. व्हिएन्नाने हाताची प्रतिष्ठा पाहिली, आम्ही हाताची जात पाहिली. खुद्द हात कोणीच पाहिला नाही.

पुढे हात पाहणे जग शिकले, पण पाळणे सोपे नव्हते. जिनिव्हाच्या विद्यापीठ इस्पितळात डिडिये पिटे यांनी पाहिले, की परिचारिकांना हात धुण्याची इच्छा असते, पण नळ दूर आणि वेळ थोडा. त्यांनी अल्कोहोलचे औषध खाटेशीच आणून ठेवले. १९९४ ते १९९७ या काळात हातांची स्वच्छता पाळण्याचे प्रमाण शेकडा ४८ वरून ६६ वर गेले आणि इस्पितळात जडणारे रोग १७ वरून १० वर उतरले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले. त्यांतला पाचवा मला फार आवडतो: रोग्याला हात लावला नसला, तरी त्याच्याभोवतीच्या वस्तूंना लावल्यावर.

आता ती वस्तू म्हणजे काच. कोरड्या पृष्ठभागावर काही जंतू महिनोन्‌महिने तग धरतात. हातमोजा घालणाऱ्याला राखतो, काचेला राखीत नाही. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: फटीफटींच्या कळफलकापेक्षा गुळगुळीत काच पुसायला सोपी. मग अडते कोठे? टॅबच्या काचेवर बोटांचे तेल धरू नये म्हणून एक पातळ लेप असतो, आणि अल्कोहोलने तो जाईल या भीतीने कारखानदार पूर्वी ते लावूच नका म्हणत. २०२० च्या साथीत ॲपलनेदेखील ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या पुसण्यांना परवानगी दिली. शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्केच का? जंतूंची प्रथिने मोडायला पाणीही लागते, आणि निव्वळ अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जाते. म्हणून काच नुसती चकचकीत करून भागत नाही. औषधाच्या वेष्टणावर लिहिलेला वेळभर ती ओली राहावी लागते. काही जिवाणूंच्या बीजाणूंना अल्कोहोल पुरत नाही. तेथे जुने क्लोरीनच, पण ते त्या यंत्राला चालते का हे विचारून. आणि तडा गेलेली काच कितीही पुसा, स्वच्छ होत नाही.

एवढे सारे ठाऊक असून टॅब तसाच राहतो, कारण तो सर्वांचा असतो. सर्वांच्या हातची वस्तू कोणाच्याच कामात बसत नाही. सेमेलवाइसने नवे औषध शोधले नव्हते. हात कोणी, केव्हा आणि कशाने धुवायचे, एवढे त्याने ठरवून दिले होते.

पुतणीला घरी आणायला गेलो, तेव्हा सिस्टरने टॅब उलटा करून मला दाखविला. मागे चिकटपट्टीवर तीन रकाने आखले होते: वेळ, नाव, सही. “कॉम्प्युटरवाल्यांना कंपनीचा कागदच दाखवला, काका,” ती म्हणाली. “आता दर खाटेनंतर पुसतो, आणि पाळी बदलताना सही करतो.”

मी तिला नमस्कार केला. मग सही करण्यासाठी तिने टॅब पुढे केला, तेव्हा आधी बाटलीखाली हात धरला. यंदा कोणाच्या घरी बाळ पाहायला जाल, तेव्हा फराळाचा डबा जरूर न्या. पण पाळण्याशी जाण्यापूर्वी मोबाइल खिशात ठेवा आणि मग हात धुवा. क्रम मात्र उलटा करू नका.