द हॅझर्ड्स ऑफ लव्ह
अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहरातल्या ‘द डिसेंबरिस्ट्स’ या लोकसंगीताच्या वळणाच्या बँडचा कथासूत्रबद्ध रॉक अल्बम (2009). गायक-गीतकार कॉलिन मेलॉय यांनी शीर्षक घेतले ते इंग्लिश लोकगायिका ॲन ब्रिग्ज यांच्या 1960 च्या दशकातील ध्वनिमुद्रिकेवरून. मार्गारेट, तिचा रूप पालटणारा प्रियकर विल्यम, वनाची मत्सरी राणी आणि पोटच्या मुलांचा जीव घेणारा लंपट विधुर यांची कथा 17 गीतांत जवळजवळ अखंड उलगडते. मार्गारेटची गीते बेकी स्टार्क यांनी, तर राणीची शारा वर्डन यांनी गायिली. जुन्या ब्रिटिश कथागीतांना 1970 च्या दशकातील प्रोग्रेसिव्ह व हेवी रॉकच्या दणदणीत गिटारची जोड देणे हे मोठे धाडस होते. राणीच्या गीतांत ते सर्वाधिक साधले आहे. 2011 च्या ‘द किंग इज डेड’मध्ये बँड पुन्हा साध्या, आटोपशीर गीतांकडे वळला.