गंगाफळाचे गोत्र

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आप्तांकडून छायाचित्रे येऊ लागतात. भोपळा कोरलेला, आत दिवा, दाराशी मांडलेला. आयर्लंडात हा खेळ मुळात सलगमाशी चाले. स्थलांतरितांना पुढे अमेरिकेत भोपळा गवसला आणि कोरण्यास तो अधिक सोयीचा ठरला. ती छायाचित्रे पाहताना आम्हास जळगाव-धुळ्याकडचे गंगाफळ आठवते. तेही याच ऋतूत, पितृपंधरवड्यात आणि पाठोपाठच्या नवरात्रात, घरोघरी चिरले जाते. मृतांचे स्मरण दोन्हीकडे आहे. तिकडे गर काढून टाकून साल मिरवतात, इकडे गर शिजवून पितरांना पोचवतात.

गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. हे फळ अमेरिका खंडातले. आपल्याकडे ते पोर्तुगीजांच्या आगमनानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे रुजले. ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, साहित्याचे विद्यार्थी मात्र ती विसरतात. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा महाराष्ट्रात लाल भोपळा नव्हता. म्हणून जुन्या मराठीत ‘भोपळा’ आला की डोळ्यांपुढे दुध्या किंवा कडू भोपळा आणावा: वीणेचा, एकतारीचा, पोहणाऱ्याच्या कमरेला बांधलेला. भ्रमाचा भोपळा फुटतो तो हाच वाळलेला, पोकळ भोपळा असावा, असे आमचे मत आहे. गराने भरलेल्या लाल भोपळ्याला ती उपमा शोभत नाही. आवळा देऊन काढायचा तो कोहळा तर निराळाच, संस्कृतातले कूष्मांड. नवा पाहुणा आला, जुन्याचे नाव घेऊन बसला, आणि वेगळा ओळखू यावा म्हणून त्याला ‘लाल’ हे विशेषण जोडावे लागले.

खानदेशाने विशेषणावर भागवले नाही, थेट गंगेचे नाव दिले. (उत्तरेत त्यालाच काशीफळ म्हणतात.) परक्याला गोत्र देण्याची ही रीत मोठी मौजेची आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीत रमणारे राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. या नामकरणावर त्यांच्याशी वाद घालायला आम्हास आवडले असते.

नाव मिळाले तसा पाटही मिळाला. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात कानबाई बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, आणि ते अन्न भाऊबंदांबाहेर जात नाही. इतक्या बंदिस्त पंगतीत पुरणपोळी-खिरीशेजारी हरभऱ्याची डाळ घातलेली गंगाफळाची भाजी असते. उपवासाचे ताट तर आणखी बोलके: बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, लाल भोपळा, सारे अमेरिकेचे. शुद्ध आहार म्हणून आपण ज्याची ग्वाही देतो त्यातले बरेचसे समुद्र ओलांडून आले आहे. परंपरा म्हणजे न बदललेले काही, असे वर्गात शिकवताना हे ताट समोर ठेवावे.

भाजीविषयी फार सांगण्यासारखे नाही. मेथीदाण्याची फोडणी, तिखट, गुळाचा खडा. उरलेल्या गरात गूळ आणि कणीक मळून घारगे. चिरण्याविषयी मात्र सांगायला हवे. कोहळा हा पशुबळीचा पर्याय; नवरात्रात तो कापणे म्हणजे बळी देणे, म्हणून तो पुरुषाने कापायचा. नाव उसने घेणाऱ्या फळाने हा विधीही उसना घेतला असावा, कारण अनेक घरांत अख्खे गंगाफळ बाईने चिरू नये असा दंडक आहे. विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणतात, त्यात तिसरी बाजू ही अशी आहे. घरात पुरुष नसेल तर शेजारचा शाळकरी पोर बोलावलेला आम्ही पाहिला आहे. तो सुरीचे टोक टेकवतो, एक चीर देतो आणि खेळायला पळतो. मग ती बाई एकटीच विळीवर बसते आणि पाच शेरांचे ते गंगाफळ फोडी फोडी करून चिरते.