शीलाताईंचं पत्र

मैत्रिणींनो, १९८२ च्या मे महिन्यात पत्रकार शीला बर्से मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा बायकांना भेटल्या. पाचजणी म्हणाल्या, पोलीस कोठडीत आम्हाला मारलं. शीलाताईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं आणि कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं.

१५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल लागला. बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला महिला शिपाई, चौकशीला महिला पोलीस हजर. अटकेचं कारण सांगायचं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, हे तर संविधानाच्या कलम २२ मध्ये पहिल्यापासूनच होतं. पण कोठडीतल्या बाईला ते कळणार कसं? म्हणून कोर्ट म्हणालं, हे हक्क मराठी, हिंदी, इंग्रजीत छापून कोठडीत लावा आणि तिला समजेल त्या भाषेत वाचून दाखवा. मला हे ‘वाचून दाखवा’ फार मोलाचं वाटतं. आपल्या चाकणला कंपनीत कामाला आलेल्या कितीतरी जणींना मराठी वाचता येत नाही.

बाईची झडती बाईनंच घ्यायची, हा नियम जुनाच. २००५ च्या दुरुस्तीनं आणखी एक आला: सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी बाईला अटक नाही. अगदीच निकड असली तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची. १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू झाला, त्यातही तो कायम आहे.